गव्हर्नरचे तिकीट कापले, ते कोणी?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पाच-सहा मुले-मुली रोज संध्याकाळी बसतात. त्यांतील एका मुलीने परवा आम्हांला वाटेतच गाठले. म्हणाली, ''काका, अमेरिकेत राज्यपालाला त्याच्याच पक्षातला माणूस निवडणुकीत पाडतो, असं पुस्तकात लिहिलंय. राज्यपाल कधीपासून निवडणूक लढवायला लागले?''

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे राज्यपाल म्हटले की राजभवन, हिरवळ आणि शपथविधी एवढेच डोळ्यांसमोर येते. तो दिल्लीहून नेमला जातो, त्याला मत मागावे लागत नाही. अमेरिकेतला गव्हर्नर वेगळा. तो राज्याचा कारभारी असतो, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी समजा. त्याला लोक थेट निवडतात, आमदारांच्या पाठिंब्यावर तो टिकत नाही, आणि बहुतेक राज्यांत त्याची मुदत चार वर्षांची असते. म्हणून या लेखात आम्ही त्याला राज्यपाल न म्हणता गव्हर्नरच म्हणणार आहोत.

आता दुसरा भाग, त्याच्याच पक्षातल्या माणसाचा. वाचकहो, आपल्याकडे निवडणूक आली की काय चालते ते आपण पाहतोच. कार्यकर्ता पाच वर्षे सतरंज्या उचलतो, आणि शेवटच्या रात्री एबी फॉर्म भलत्याच्याच खिशात जातो. तिकीट कोणी दिले, का दिले, हे विचारायची सोय नाही. 'वरून आले' एवढेच उत्तर. अमेरिकेतही एकेकाळी असेच होते. पक्षाचे पुढारी बंद खोलीत बसून उमेदवार ठरवीत, आणि त्या खोलीच्या किल्ल्या रेल्वे कंपन्यांकडे आणि लाकडाच्या बड्या व्यापाऱ्यांकडे असत. विस्कॉन्सिन राज्याचा गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट याने या खोलीविरुद्ध मोहीम उघडली. १९०३ साली तिथल्या विधिमंडळाने कायदा केला आणि १९०४ साली लोकांनी मतदान करून तो मान्य केला. उमेदवारही मतदारांनीच मतपेटीतून ठरवायचा, असा तो कायदा. याला तिकडे प्रायमरी म्हणतात, आपण प्राथमिक निवडणूक म्हणू. आधी पक्षाचा उमेदवार कोण यासाठी मतदान, मग काही महिन्यांनी खरी निवडणूक.

पण ही सुधारणा सर्वांच्या वाट्याला आली असे समजू नका. दक्षिणेकडच्या राज्यांत त्या काळी एकाच पक्षाचे, डेमोक्रॅटिक पक्षाचे, राज्य होते. जो त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकेल तो निवडून आलाच. मग तिथल्या गोऱ्यांनी साधी युक्ती केली. टेक्सासने १९२३ साली कायदाच केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत काळ्या माणसाने मत द्यायचे नाही. न्यायालयाने तो कायदा १९२७ मध्ये रद्द केला, तेव्हा म्हणाले, पक्ष ही तर खाजगी संस्था, तिने कोणाला सभासद करावे हा तिचा प्रश्न! विहीर गावाची, पण जमीन पाटलाची, हा युक्तिवाद आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकलेला आहे. शेवटी ह्यूस्टनचे एक काळे दंतवैद्य लॉनी स्मिथ न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने उभे राहणाऱ्या वकिलांत थरगुड मार्शल होते, जे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. १९४४ साली आठ विरुद्ध एक अशा निकालाने 'गोरी प्रायमरी' बेकायदा ठरली. म्हणजे मताचा अधिकार कागदावर मिळाला तरी ज्या दारातून खरी निवड होते ते दार बंद असले की काय होते, हे त्या लोकांनी दोन पिढ्या भोगले.

असो. मुलीला हवी होती ती गोष्ट गव्हर्नरला पाडल्याची. अशी उदाहरणे अनेक आहेत, पण आम्हांला हवाईची सांगाविशी वाटते. कारण तिच्यात मळ्यावरचे मजूर आहेत, मास्तर आहेत, निवृत्त माणसांचे पेन्शनही आहे.

हवाई म्हणजे पॅसिफिक महासागरातील बेटे. तिथे पूर्वी तिथल्याच लोकांचे राज्य होते. साखरेच्या मळेवाल्यांच्या पुढाकाराने १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, १८९८ साली अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली आणि १९५९ मध्ये ते अमेरिकेचे राज्य झाले. उसाच्या मळ्यांवर मजूर आणले गेले ते चीन, जपान, ओकिनावा, पोर्तुगाल, कोरिया, फिलिपीन्स अशा ठिकाणांहून. मळेवाले हुशार. प्रत्येक देशाच्या मजुरांची चाळ निराळी, आणि त्याच कामाची मजुरीही निराळी. एकाला दुसऱ्यापेक्षा थोडे जास्त दिले की तो वरच्याकडे बोट दाखवत नाही, खालच्याकडे पाहून समाधान मानतो. यावर आम्ही काही भाष्य करायची गरज नाही. १९०९ साली जपानी मजुरांनी एकट्याने संप केला, तो मोडला. १९२० साली जपानी आणि फिलिपिनो एकत्र लढले, तोही मोडला. १९४६ साली मात्र सगळ्या वंशांचे मिळून सुमारे २६ हजार मजूर एका युनियनखाली ७९ दिवस संपावर राहिले आणि जिंकले. त्या संपातून आणि महायुद्धावरून परतलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांतून १९५४ साली तिथल्या राजकारणाची उलथापालथ झाली. मळेवाल्यांचा रिपब्लिकन पक्ष हरला आणि डेमोक्रॅटिक पक्ष आला. तो आजतागायत इतका घट्ट बसला आहे की २०१४ साली राज्याच्या २५ जणांच्या सिनेटमध्ये विरोधी पक्षाचा एकच सभासद होता.

अशा ठिकाणी खरी लढाई होते ती प्रायमरीतच.

२०१० साली नील ॲबरक्रॉम्बी नावाचे गृहस्थ हवाईचे गव्हर्नर झाले. माणूस जुना लढवय्या. १९५९ साली विद्यापीठात शिकायला म्हणून हवाईत आले, तिथे बराक ओबामांच्या वडिलांशी त्यांची मैत्री झाली. व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्यांतले, दाढीवाले, बोलण्यात फटकळ. अनेक वर्षे ते अमेरिकेच्या लोकसभेत होते. निवडून आले ते मोठ्या फरकाने, आणि लोकांना वाटले, आपला माणूस आला.

खजिन्यात खडखडाट होता. ॲबरक्रॉम्बींनी पहिल्याच वर्षी सुचवले की निवृत्तांच्या पेन्शनवर कर लावावा. आम्ही हे सांगत असताना आमच्या शेजारचे एक निवृत्त कंडक्टर ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी मध्येच विचारले, ''पेन्शनवर टॅक्स? मग पडलाच असेल!'' तिकडच्या म्हाताऱ्यांनाही तसेच वाटले. तिथल्या विधिमंडळाने तो प्रस्ताव हाणून पाडला, कर लागला नाही, पण म्हातारी माणसे विसरली नाहीत. त्यात गव्हर्नरसाहेब, मी काही तुमचा दोस्त नाही, मी गव्हर्नर आहे, अशा अर्थाचे बोलून बसले. पैसे मागायचे आणि वर फटकारायचे, हे कोणत्याही देशात चालत नाही.

मग मास्तरांचे प्रकरण. २०११ च्या जुलैमध्ये वाटाघाटी चालू असताना सरकारने शिक्षकांच्या युनियनवर आपला करार एकतर्फी लादला. पगार कापला गेला. चर्चेच्या टेबलावर बसलेल्या माणसाला, घ्यायचे तर हे घ्या, असे सांगणे म्हणजे काय, हे ज्यांनी युनियनमध्ये दिवस काढले त्यांना कळेल. त्याच वर्षी सरकारी जमिनींचा 'विकास' करण्यासाठी एक महामंडळ स्थापले गेले आणि त्याला जमीनवापराच्या काही नियमांतून सूट मिळाली. विकास हा शब्द आला की झोपडीतल्या माणसाचे कान टवकारतात, तसे तिथल्या बेटवासीयांचेही टवकारले. गावोगावी सभा झाल्या, लोक चिडले, आणि २०१३ मध्ये तो कायदा मागे घ्यावा लागला.

आणखी एक जखम होती. हवाईचे थोर नेते, महायुद्धात एक हात गमावलेले सिनेटर डॅनियल इनोये २०१२ च्या डिसेंबरात वारले. माझ्या जागी कोलीन हानाबुसा यांना नेमावे, अशी शेवटची इच्छा त्यांनी पत्राने कळवली होती. नेमण्याचा अधिकार गव्हर्नरचा. ॲबरक्रॉम्बींनी आपले उपगव्हर्नर ब्रायन शॅट्झ यांना नेमले. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. पण मरणाऱ्या वडीलधाऱ्याचा शब्द मोडला, ही गोष्ट विशेषतः जुन्या जपानी घरांत फार लागली.

येथे आम्ही त्यांच्या बाजूचेही सांगितले पाहिजे. खजिना त्यांनी तुटीतून शिलकीत आणला. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क देणारा कायदा त्यांनी २०१३ मध्ये खास अधिवेशन बोलावून करून घेतला. ते करताना मते जातील हे त्यांना ठाऊक नसेल असे नाही. आमच्या मते तो माणूस वाईट कारभारी नव्हता. ऐकून घेण्याचा गुण त्यांच्यात नव्हता, आणि चार वर्षांत त्यांनी म्हातारे, मास्तर, जमिनीवाले, जुने पक्षकार्यकर्ते असे सगळे एकामागून एक दुखावले.

तरीही त्यांच्यासमोर उभे राहायला मोठे कोणी तयार होईना. सत्तेवरच्या गव्हर्नरला स्वपक्षातून आव्हान देणे म्हणजे पुढचे राजकारण पणाला लावणे. उभा राहिला तो डेव्हिड ईगे. राज्याबाहेर सोडाच, राज्यातही पुष्कळांना नाव माहीत नव्हते. १९५७ चा जन्म, ओकिनावाहून आलेल्या कुटुंबातला, सहा भावांतला पाचवा. वडील महायुद्धात जपानी वंशाच्या सैनिकांच्या प्रसिद्ध पलटणीत लढून जखमी झालेले, नंतर बांधकामांवर लोखंडाचे काम करणारे. आई परिचारिका. मुलगा विजेचा इंजिनीअर झाला. १९८५ पासून तो राज्याच्या विधिमंडळात होता आणि सिनेटच्या अर्थसमितीचा अध्यक्ष होता. भाषण बेताचे. हिशेब पक्का.

पैशांचे काय? गव्हर्नरने त्याच्यापेक्षा सुमारे दहापट पैसा खर्च केला. खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनी गव्हर्नरला पाठिंबा जाहीर केला. ओबामा जन्मले हवाईत, तिथे त्यांच्या शब्दाला किती वजन असेल ते सांगायला नको. ईगेच्या मागे होते माजी गव्हर्नर जॉर्ज आरियोशी आणि बेन कायेटानो, शिक्षकांची युनियन, आणि घरोघरचे कार्यकर्ते. कोणाच्या तरी घरी, प्रत्येकाने आपला डबा आणायचा, जेवण व्हायचे आणि उमेदवाराने बोलायचे, अशा बैठका झाल्या. हवाईत रस्त्यावर जाहिरातीचे मोठे फलक लावायला १९२७ पासून बंदी आहे. फ्लेक्स नाही! म्हणून तिकडे उमेदवार आणि त्याची माणसे नावाच्या पाट्या हातात धरून, गळ्यात फुलांच्या माळा घालून, रस्त्याच्या कडेला उभी राहतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींना हात करतात. सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना. हे काम पैशाने कमी आणि पायांनी जास्त होते.

९ ऑगस्ट २०१४ ला मतदान झाले. एक दिवस आधी वादळ येऊन गेले होते. त्यामुळे मोठ्या बेटावरच्या दोन केंद्रांचे मतदान पुढे ढकलावे लागले. निकालाला त्याने काही फरक पडणार नव्हता. ईगे यांना सुमारे ६७ टक्के मते मिळाली आणि गव्हर्नरला ३१ टक्के. हवाईच्या इतिहासात गव्हर्नर आपल्याच पक्षाच्या प्रायमरीत पडल्याची ही पहिली वेळ. तिथे मतदाराला पक्षाचा सभासद असावे लागत नाही. कोणत्याही एका पक्षाच्या उमेदवारांवर खूण करता येते आणि कोणता पक्ष निवडला हे गुप्त राहते. म्हणून मास्तरणीने काय केले हे हेडमास्तरला कळत नाही. नोव्हेंबरात ईगे खरी निवडणूकही जिंकले.

''म्हणजे चांगला माणूस आला,'' कंडक्टर म्हणाले.

थांबा. गोष्ट इथे संपत नाही.

१३ जानेवारी २०१८. शनिवारची सकाळ, आठ वाजून सात मिनिटे. हवाईतल्या सगळ्यांच्या मोबाईलवर संदेश आला: क्षेपणास्त्र येत आहे, आसरा घ्या, हा सराव नाही. आईबापांनी मुलांना न्हाणीघरात नेऊन बसवले, कोणी गटारांची झाकणे उघडली, लोकांनी दूरच्या नातेवाइकांना फोन करून निरोप घेतला. क्षेपणास्त्र नव्हतेच, एका कर्मचाऱ्याची चूक होती. पण चुकीची दुरुस्ती त्याच मोबाईलवर यायला ३८ मिनिटे लागली. गव्हर्नर ईगे यांना खरी गोष्ट दोन मिनिटांत कळली होती. त्यांनी लोकांना ट्विटरवरून कळवायला मात्र आणखी पंधरा-सतरा मिनिटे घेतली. नंतर त्यांनीच कबूल केले की ट्विटरचा पासवर्ड आठवत नव्हता! विजेचा इंजिनीअर आणि पासवर्ड विसरला. लोक हसले, आणि चिडलेही.

त्या वर्षी त्यांच्याच प्रायमरीत त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या कोलीन हानाबुसा, म्हणजे इनोये यांनी जिचे नाव पत्रात लिहिले होते त्याच. चार वर्षांपूर्वी ज्या जागी ॲबरक्रॉम्बी होते त्या जागी आता ईगे होते. मार्चच्या पाहण्यांत हानाबुसा बऱ्याच पुढे होत्या. वर्तमानपत्रांनी ईगे यांना जवळजवळ संपवले होते.

मग एप्रिलमध्ये कवाई बेटावर पाऊस झाला. एका ठिकाणी २४ तासांत ४९.६९ इंच, म्हणजे १२६२ मिलिमीटर. मुंबईच्या वाचकांना हा आकडा वेगळा समजावून सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर झाला होता. मे महिन्यात मोठ्या बेटावर किलाउएआ ज्वालामुखी फुटला. लाव्हा वस्तीतून वाहत गेला आणि सातशेच्या आसपास घरे गाडली गेली. ईगे तिथे गेले, पुन्हा पुन्हा गेले, फार बोलले नाहीत, हिशेबाने काम केले. शिक्षकांची युनियन त्यांच्यासोबत राहिली. ऑगस्टमध्ये ५१ विरुद्ध ४४ टक्के अशा फरकाने ते वाचले. दुसरी मुदत पुरी करून २०२२ च्या डिसेंबरात पायउतार झाले. सलग दोन मुदतींपेक्षा जास्त तिथे राहता येत नाही.

यातून प्रायमरी ही फार न्यायाची गोष्ट, असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्वालामुखी फुटला नसता तर चांगल्या कारभारासाठीही ईगे कदाचित वाचले नसते. अमेरिकेत प्रायमरीला मतदान खऱ्या निवडणुकीपेक्षा कमी होते, आणि थोड्या लोकांच्या हट्टाने मोठे निर्णय होतात. पण निदान तिथे गव्हर्नरला स्वपक्षीय लोकांसमोर उभे राहून जाब द्यावा लागला, एकदा पडून आणि एकदा वाचून.

मुलीने विचारले, ''आपल्याकडे असं कधीच नव्हतं का?''

होते. आणि ते आपल्याच वाट्याला आले होते. हे तरुण पिढीला फारसे कोणी सांगत नाही. १९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले, ७१ जागा. गांधीजींनी येरवड्यात उपोषण मांडले, आणि २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. जागा १४८ झाल्या, पण स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी जे आले ते असे: राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार उमेदवारांचे मंडळ निवडायचे. मग त्या चारांतून एकाला सर्व मतदारांनी, म्हणजे बहुसंख्य सवर्णांनी, निवडून द्यायचे. पहिल्या फेरीला कराराच्या इंग्रजी मसुद्यात जो शब्द आहे तो 'प्रायमरी' हाच. मुदत दहा वर्षांची. १९३७ च्या आणि १९४५-४६ च्या निवडणुका या पद्धतीने झाल्या. चारपेक्षा जास्त उमेदवार असतील तिथेच ती घ्यावी लागे.

फरक नीट लक्षात घ्या. हवाईत प्रायमरी जिंकेल त्याला पक्षाचे तिकीट पक्के. इथे आपल्या माणसांनी पहिल्या क्रमांकाने निवडलेला पुढच्या फेरीत पडू शकत होता आणि चौथ्या क्रमांकाचा निवडून येऊ शकत होता. आणि तसे झालेही. १९४६ साली ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ आले, तेव्हा बाबासाहेबांनी हीच तक्रार मतांचे आकडे पुढे ठेवून केली. आपल्या लोकांनी ज्यांना वर बसवले ते अंतिम फेरीत खाली जातात, आणि दुसऱ्यांच्या पसंतीचे वर येतात. मग राज्यघटना आली. राखीव जागा राहिल्या. ती पहिली फेरी राहिली नाही. त्यानंतर उमेदवार ठरवण्याचे काम पूर्णपणे पक्षांच्या हाती गेले. कोणत्या पक्षात ते कसे चालते, हे आपापल्या वॉर्डात आपण पाहत आहातच.

मुलीने हे सगळे वहीत उतरवून घेतले. पुणे कराराच्या कलमाखाली दोनदा रेघ मारली. म्हणाली, ''काका, हवाई परीक्षेत येणार नाही. पण हे येईल.'' तिचा पेपर रविवारी आहे. कंडक्टर अजून ओट्यावरच बसले होते आणि त्यांचा प्रश्न निराळाच होता: पेन्शनवर कर लावायला निघालेल्या त्या गव्हर्नरला पुढे स्वतःला पेन्शन मिळाले की नाही?